चार मात्यांतला पिवळा गुलाब

खड्डा आयता मिळाला म्हणून गंधाली खूश होती. रायपूरबाहेर मंदिर हसौदच्या पुढे, भाट्याच्या लाल, खडकाळ, उघड्या माळावर, कुणीतरी कमरेइतका खोल आणि चारही बाजूंनी सरळ कापलेला खड्डा खणून ठेवला होता. वर लाल थर, खाली मुरूम, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं. तिनं स्कूटी एका बाभळीखाली लावली, खड्ड्यात उतरली आणि खुरप्यानं भिंत खरवडून पोतं भरायला लागली. एप्रिलचं ऊन होतं, ओढणी डोक्याला गुंडाळलेली होती, आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

अर्धं पोतं भरलं तेव्हा वरून आवाज आला.

“मॅडम, ये टेस्ट पिट है.”

वर एक तरुण उभा होता. पिवळं हेल्मेट, हेल्मेटखाली घामानं चिकटलेला रुमाल, हातात मोजपट्टी.

“झालं. आता हा परवानगीचा कागद मागणार,” ती स्वतःशी पुटपुटली.

“कागद नाही मागत,” तो म्हणाला. “पण माझी भिंत काहून खरवडून राहिल्या तुम्ही?”

तिनं चमकून वर पाहिलं. रायपूरच्या माळावर भर दुपारी नागपुरी मराठी ऐकू येईल, याची तिनं कल्पना केली नव्हती. तो खाली उतरला, खरवडलेल्या भिंतीवरून हात फिरवला आणि एखादं रंगवलेलं चित्र पुसलं गेल्यासारखा चेहरा केला. नवी राजधानी बांधायची होती, त्याआधी जमीन तपासायची होती. इथली माती किती भार घेईल, पावसात किती फुगेल, हे पाहणं त्याचं काम. काल त्यानं ही भिंत घासून गुळगुळीत केली होती आणि आज तिचे थर मोजायचे होते.

गंधालीनं मनापासून माफी मागितली. मग त्यानं विचारलं, एवढी माती कशाला?

“गुलाबासाठी.”

“या मातीत गुलाब येईल?”

“नीट येऊ नये, अशीच अपेक्षा आहे,” ती म्हणाली.

तो हसला नाही. खड्ड्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, “हे समजावून सांगा बरं.”

तिला ते आवडलं. रोगांचा अभ्यास करते म्हटल्यावर लोक बहुतेक वेळा विषय बदलायचे. तिनं सांगितलं: पिवळ्या गुलाबाची एक जात आहे, दिसायला देखणी आणि तब्येतीनं नाजूक. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, मग पान पिवळं होऊन गळतं, आणि दिवाळीपर्यंत झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. वर्गात एखादं मूल असतं ना, ज्याला सगळ्यांच्या आधी सर्दी होते? तसं हे झाड. तिला बघायचं होतं की हा रोग कुठल्या मातीत आणि कुठल्या हवेत जास्त फोफावतो. छत्तीसगडच्या चार मात्या घ्यायच्या: काळी कन्हार, पिवळी मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि हा लाल खडकाळ भाटा. चार मात्यांच्या चार कुंड्या, असे चार संच, शहरातल्या चार वेगवेगळ्या जागी. त्यातून एम.एस्सी.चा प्रबंध. आणि तो वेळेत झाला, तर जानेवारीत बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची जागा. तिथल्या लोकांनी तसं कळवलं होतं, फक्त निकाल हातात हवेत.

“कन्हार म्हणजे आमची नागपूरची काळी,” तो म्हणाला. “तुमच्या गुलाबाला आवडत असेल. आमच्या धंद्यात तिच्यासारखी बदमाश माती नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, भिंतींना तडे. आणि हा भाटा… याच्यावर डोळे मिटून घर बांधा.”

“म्हणजे तुमची चांगली माती ती माझी वाईट.”

“मग आपलं भांडण व्हायला जागाच नाही. काळी तुम्ही न्या, लाल मले राहू द्या.”

पोतं त्यानंच उचलून स्कूटीवर ठेवलं. दोरी बांधताना तिनं सहज सांगितलं की चारपैकी तीन जागा मिळाल्या आहेत. चौबे कॉलोनीतलं तिचं घर, बूढ़ा तालाबाजवळचं शारदाआत्याचं दमट अंगण, आणि गोल बाज़ारात भांड्यांच्या दुकानावरची हरिदासकाकांची कोंदट बाल्कनी. फक्त उघडी, वाऱ्याची गच्ची मिळत नाही.

“आमच्याकडं आहे न गच्ची,” तो म्हणाला. “समता कॉलोनीत. बम ऊन, बम वारा.” मग जरा थांबून, “माझं नाव निरंजन. नाव सांगायच्या आधी गच्ची सांगून बसलो.”

*

निरंजनचे वडील बाबाराव रेल्वेत होते. रायपूरला रेल्वेचं नवं डिव्हिजन झालं तेव्हा त्यांची नागपूरहून बदली झाली, आणि निरंजननंही मग राजधानीच्या कामातली नोकरी धरली. आई, मंदाकिनीबाई, अजून या गावाला सरावत होत्या. त्यांना बाजारात अंबाडी मिळत नव्हती. इथं तिला अमारी म्हणतात, हे त्यांना फार उशिरा कळलं होतं आणि तेव्हापासून त्या आठवड्यातून दोनदा अंबाडी करत होत्या.

गंधालीचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. तिची मराठी मंदाकिनीबाईंना गमतीची वाटायची. मध्येच ‘हो’ऐवजी ‘हव’ म्हणायची, भाजीवाल्याला भैया म्हणायची आणि हिशेब हिंदीत करायची. “पोट्टी मराठीच आहे वो,” त्या बाबारावांना सांगायच्या, “पण हिंदीच्या ताटात वाढलेली आहे.”

जूनच्या सुरुवातीला कुंड्या गच्चीवर आल्या. गंधालीनं निरंजनला नियम सांगितले. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या पाणी, तेही मुळाशी. फवारणी नाही, खत नाही, छाटणी नाही. आणि शेवटचा नियम तिनं बोट वर करून सांगितला: झाडाला हात लावायचा नाही.

“आजारी पडलं तरी?”

“आजारी पडावं म्हणूनच ठेवलंय.”

“कठीण आहे तुमचं शास्त्र,” तो म्हणाला.

ती दर बुधवारी यायची. भिंग काढायची, कुंडीपुढं उकिडवी बसायची आणि एकेक पान उलटं-सुलटं करून ठिपके मोजायची. निरंजनचं काम साइटवर असायचं, माळावर, शहरापासून दूर. तरी बुधवारी तो हटकून लवकर घरी असायचा. कधी पाऊस लागला म्हणून, कधी ड्रायव्हर चुकून लवकर आला म्हणून. एका बुधवारी लख्ख ऊन होतं. त्या दिवशी तो म्हणाला, पाऊस येईल असं वाटलं.

चहा गच्चीवरच यायचा. तो तिला मातीच्या गोष्टी सांगायचा. ओली माती हातात वळून तिची दोरी किती बारीक होते यावरून ती किती फुगेल ते कळतं, हे त्यानं कन्हारचा गोळा तळहातावर फिरवून दाखवलं. मग तिनं वळली. तिची दोरी तुटली. त्यानं पुन्हा दाखवलं, या वेळी तिच्या तळहातावर, आणि दोरी वळून झाल्यावरही दोघांनी हात जरा वेळ तिथंच ठेवला. मग तिनं भिंग शोधायला सुरुवात केली. भिंग तिच्या गळ्यात होतं.

“तुम्ही मोजताना बोलत नाही,” तो एकदा म्हणाला.

“चुकतं मग.”

“अन् मोजून झाल्यावर?”

“मोजून झाल्यावर चहा थंड झालेला असतो.”

पुढच्या बुधवारपासून चहा मोजणी संपल्यावर येऊ लागला.

*

जुलैत ठिपके सगळीकडं दिसले. ऑगस्टमध्ये आत्याच्या अंगणातली झाडं निम्मी उघडी झाली. गोल बाज़ारातली त्याहून वाईट, कारण बाल्कनीत वाराच नव्हता आणि पानं दिवसभर ओली राहायची. कन्हारमधली मुळं पाण्यात बसून कंटाळली होती, मटासीतली बरी होती. हे सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं.

गच्चीवरची झाडं मात्र ऑगस्टच्या मध्यापासून सुधारायला लागली. चारही. ठिपक्याचं पान शोधावं लागायचं. गंधाली आनंदली, मग तिनं कारण शोधलं, आणि कारण सापडलंही: उघडी जागा, पश्चिमेचा वारा, पानं चटकन वाळतात, बुरशीला रुजायला ओल मिळत नाही. मातीपेक्षा हवा महत्त्वाची. तिचे मार्गदर्शक चंद्राकर सर खुर्चीत पुढं सरकून बसले. “यही तो पेपर है,” ते म्हणाले. “अगले हफ़्ते सेमिनार में यही दिखाओ.”

तिनं ही बातमी निरंजनला सांगितली तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आमची गच्ची बंगळूरला चालली.” मग उगाचच पाण्याचा तांब्या उचलून गेला. त्या दिवशी तो चहाला थांबला नाही, हे तिला नंतर आठवलं.

सेमिनारच्या आधीच्या रविवारी ती फोटो काढायला गेली. रविवारी ती कधी येत नसे. दार उघडंच होतं. ओसरीवर मंदाकिनीबाई आणि निरंजन वर्तमानपत्र पसरून अंबाडी निवडत बसले होते. त्या पानं खुडत होत्या, तोही खुडत होता, आणि रेल्वेच्या क्वार्टरपेक्षा हे घर कसं ओलं आहे यावर बाबारावांचं काहीतरी चाललं होतं.

“लहानपणापासून मलेच बसवते,” निरंजन तिला म्हणाला. “बहीण नाही न मले.”

ती हसली. तिचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. तो पान ओढत नव्हता. अंगठ्याचं नख देठात रुतवून टच् करून तोडत होता, आणि काडीवर तांदळाएवढा देठ मागं राहत होता. मंदाकिनीबाईही तसंच करत होत्या. त्यांच्या घरची पद्धतच ती.

गंधाली तडक जिना चढली. ऊन-पावसाचा खेळ चालला होता, कुंड्या ओल्या होत्या, दोन झाडांना कळ्या होत्या. तिनं भिंग डोळ्याला लावलं. आजवर ती पानं पाहत होती. जिथं पान नाही ती जागा तिनं पाहिली नव्हती.

पान आपणहून गळतं तेव्हा देठ खोडापासून स्वच्छ सुटतो. मागं एक गुळगुळीत, चंद्रकोरीसारखा व्रण राहतो, बाकी काही नाही. इथं एकेका फांदीवर तांदळाएवढे देठ उभे होते. काही वाळलेले, काही अजून हिरवे.

मागं पावलं वाजली. निरंजन जिन्याच्या दारात होता. त्यानं तिचं भिंग पाहिलं, कुठं रोखलंय ते पाहिलं, आणि काही विचारायची गरज उरली नाही.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“राखीच्या आधीपासून. रोज सकाळी.”

“मी सांगितलं होतं. हात लावायचा नाही.”

“हाव. सांगितलं होतं.”

“मग काहून?” तिच्या तोंडून त्याचाच शब्द निघाला, आणि त्यामुळं तिला आणखी राग आला.

त्यानं एका कुंडीची कड हातानं पुसली. मग म्हणाला, “ठिपके पाहिले का तुमचं तोंड उतरायचं. कपाळाला आठ्या, ओठ असे मिटलेले. आठवडाभर वाट पाहायची, अन् तुम्ही आल्या की अर्धा तास दुःखीच. मले वाटलं, दोन-चार पानं कमी असली तर…”

“मी मोजत होते, निरंजन. मोजताना माझं तोंड तसंच असतं.”

“आता समजलं.”

“सेमिनारचं सांगितलं तेव्हा नाही समजलं?”

“समजलं. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. हिंमत नाही झाली.” त्यानं मान वर केली. “सरांना मी सांगतो. चूक माझी आहे.”

“प्रयोग माझा आहे,” ती म्हणाली.

ती स्कूटीवरून घरी आली ती मुख्य रस्ता सोडून, लांबच्या वाटेनं. डोकं नेहमीप्रमाणं नीट चालत होतं आणि ते तिला नको होतं. ती गप्प बसली तर कुणालाही कळणार नव्हतं. वाळके देठ पंधरवड्यात गळून पडले असते. उघड्या गच्चीचं कारण पटण्यासारखं होतं, कदाचित खरंही असेल. बंगळूर जानेवारीत होतं. फक्त इतकंच होतं की तिला माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चंद्राकर सरांना सगळं सांगितलं. कुणी केलं ते सांगितलं, का केलं ते गाळलं. सर चष्मा पुसत राहिले. चार जागांची तुलना होती, एक जागा गेली म्हणजे तुलना लंगडी झाली. त्यांनी आपला चहा तिच्याकडं सरकवला आणि म्हणाले, “तो फिर अगली बारिश.”

बंगळूरला तिनं कळवलं की निकाल वर्षभर लांबले आहेत. तिथून उत्तर आलं की जागा थांबवता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

निरंजननं कुंड्या सायकल-रिक्षात घालून स्वतः महाविद्यालयात पोचवल्या. ती वर्गात होती. तिनं खिडकीतून पाहिलं. त्यानं चारही कुंड्या भिंतीलगत ओळीनं लावल्या, एकीचं तोंड उन्हाकडं वळवलं, परत वळवलं, आणि हात पुसून निघून गेला.

*

हिवाळ्यात रायपूरची हवा गुलाबाला मानवते. डिसेंबरात इतर बारा झाडांवर मोजकी, खुजी फुलं आली. निरंजनच्या चार झाडांवर फुलांनी गर्दी केली, भाट्यातल्यासुद्धा. गंधाली रोज त्यांच्यावरून जायची आणि रोज न पाहिल्यासारखं करायची. राग अजून होता. पण त्या रागाच्या शेजारी एक प्रश्न येऊन बसला होता, आणि प्रश्न हाकलणं तिला कधी जमलं नव्हतं. रोगट पान नेमकं कधी तोडलं? पहाटे की ऊन चढल्यावर? तोडून कुठं टाकलं?

अखेर जानेवारीत, ज्या आठवड्यात ती बंगळूरला असायला हवी होती त्याच आठवड्यात, ती समता कॉलोनीत गेली. दार निरंजननंच उघडलं. तिनं चप्पल न काढता उंबऱ्यातच प्रश्न विचारले.

त्यानं एकेकाचं उत्तर दिलं, मातीचे थर सांगावेत तसं, क्रमानं. सकाळी, साइटची गाडी यायच्या आधी. पानावर ओल असेल तर आधी वाळू द्यायचो. ठिपका बारीक असतानाच, पान पिवळं व्हायच्या आत. खाली पडलेलंही उचलायचो. सगळं आईच्या सिगडीत.

“सिगडीत का?”

“कुंडीत टाकलं तर पुन्हा वर चढेल असं वाटलं. पुस्तक नाही वाचलं मी. वाटलं.”

बरोबर वाटलं होतं. फवारणीविना, रोज पानं वेचून रोग किती आवरतो, याचे आकडे इथल्या मात्यांसाठी तिला कुठं मिळाले नव्हते. तिनं चप्पल काढली.

“पुढच्या पावसात गच्चीवर दुप्पट कुंड्या ठेवते,” ती म्हणाली. “अर्ध्यांची पानं तू वेचायची. अर्ध्यांना हात लावायचा नाही. त्या डोळ्यांदेखत उघड्या पडतील. जमेल?”

ती पहिल्यांदाच त्याला ‘तू’ म्हणाली होती. ते तिच्याही लक्षात आलं, पण तिनं ते तसंच ठेवलं.

“अन् तू त्यांच्यापुढं तसंच तोंड करून बसणार,” तो म्हणाला.

“तसंच.”

“जमवतो.”

आतून मंदाकिनीबाईंनी विचारलं की पोट्टी उभीच आहे का, आणि तिला बसायला कुणी सांगणार आहे की नाही.

*

तो पावसाळा निरंजनला जड गेला. सकाळी तो डावीकडची झाडं वेचायचा आणि उजवीकडच्या झाडांपुढून हात पाठीमागं बांधून जायचा. मंदाकिनीबाई गंधालीला हसून सांगायच्या, शाळेत शिक्षा केल्यासारखा फिरतो वो. एकदा रात्रभर झड लागली आणि सकाळी उजवीकडचं कन्हारमधलं झाड पार भुंडं झालेलं होतं. त्या बुधवारी तो गच्चीवर आलाच नाही. ती खाली गेली तेव्हा ओसरीवर बसून होता.

“हात लावला नाही,” तो म्हणाला. “पण पाहवत नाही.”

ती त्याच्या शेजारी बसली. पाऊस पागोळ्यांतून पडत होता. आपणही मागच्या आठवड्यात आत्याच्या अंगणात एका झाडापुढं जास्त वेळ बसलो होतो आणि त्या वेळी मोजत नव्हतो, असं तिनं त्याला सांगितलं. तिच्या ओढणीचं टोक ओसरीबाहेर भिजत होतं, ते त्यानं उचलून आत ठेवलं.

तिनं दर बुधवारी देठांच्या जागा भिंगाखाली तपासल्या. उजवीकडं एकही खुडलेला देठ सापडला नाही. सगळे व्रण गुळगुळीत होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटची मोजणी झाली. डावीकडं पानं, कळ्या, एक पिवळं फूल उमललेलं. उजवीकडं काड्या आणि काड्यांच्या टोकाला उरलेली थोडी ठिपक्यांची पानं. आकड्यांत काही शंका नव्हती. आदल्या आठवड्यात बंगळूरचं पत्रही आलं होतं, या वेळी नक्की. ते तिनं घरी सांगितलं होतं, सरांना सांगितलं होतं. निरंजनला आज सांगितलं.

त्यानं उजवीकडच्या एका कुंडीतली चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली.

“तिथं माती कशी आहे?” त्यानं विचारलं.

“लाल. आपल्या भाट्यापेक्षा मऊ. हा गुलाब घेऊन जाणार आहे मी, तिथंही लावून बघायचाय.”

“अन् हवा?”

“थंड. पाऊस वर्षातून दोनदा येतो.”

“मग ठिपके दुप्पट.”

“हव,” ती म्हणाली. मग भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत, त्याच्याकडं न बघता, “मी लॅबमध्ये सकाळी लवकर जाणार… रोज सकाळी पानं कोण वेचणार, ते अजून ठरलेलं नाही.”

गच्चीवर वारा होता. खाली बाबारावांचा रेडिओ लागला होता.

“तिथं घरं बांधतात न?” निरंजन म्हणाला.

“खूप.”

“मग माती तपासणारा लागतच असेल.” तो तिच्याकडं वळला. “गंधाली, मी पानांसाठी येणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. पानं वेचीन. पण येणार तुझ्यासाठी.”

तिनं मान डोलावली आणि बोटाला गुंडाळलेली दोरी सोडवली.

“मोजणी संपली?” त्यानं हळूच विचारलं.

“संपली.”

“मग आता हात लावला तर चालेल?”

दोघं उजवीकडच्या कुंड्यांपुढं उकिडवे बसले. गंधालीनं ठिपक्याचं एक पान धरलं आणि खाली ओढलं. पानाबरोबर सालीची बारीक पट्टी सोलून आली.

“असं नाही,” निरंजन म्हणाला. त्यानं तिचा अंगठा धरला, नख देठावर नेमकं टेकवलं आणि वरून अलगद दाबलं. टच् झालं. काडीवर तांदळाएवढा देठ राहिला. “अंबाडीसारखं.”

“पुन्हा दाखव,” ती म्हणाली. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.